मुकं काडतूस

शारजातल्या रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीपासून दुबईतल्या दुकानापर्यंत एकोणतीस किलोमीटर अंतर आहे. सकाळी सव्वासहाला गाडी काढली तर पन्नास मिनिटं लागतात आणि पावणेसातला काढली तर दीड तास. शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हे गणित पाठ असतं. मी ते सोळा वर्षं करतो आहे आणि आता त्याचा कंटाळाही येईनासा झाला आहे.

त्यातली नऊ वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर एक गृहस्थ बसत. आमच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून, एका खोलीत राहत. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. दुकानातले मल्याळी सेल्समन त्यांना इक्का म्हणत, अरब गिऱ्हाइकं हाज्जी म्हणत, मी चाचा म्हणायचो. ते मला पुणेकर म्हणत. सीटबेल्ट लावला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे.

"बोला पुणेकर, तो निळा बोर्ड किती लांब?"

मी म्हणायचो पाचशे मीटर. ते म्हणायचे, "तीनशे." मग मी गाडीचा ट्रिप मीटर शून्यावर आणायचो आणि बोर्डाखालून जाताना आकडा वाचायचो. त्या मीटरवर शंभर मीटरच्या खालचं काही दिसत नाही, म्हणून अगदी नेमकं सांगता येणार नाही. पण नऊ वर्षांत माझा अंदाज त्यांच्यापेक्षा बरोबर निघाल्याचं मला दोनदाच आठवतं, आणि त्यातल्या एकदा धुकं होतं.

"माणूस अंतर कधीच बरोबर सांगत नाय," ते म्हणत. "जे पायजे ते जवळ दिसतं. ज्याची भीती वाटते ते लांब. तुम्हाला बोर्ड लांब दिसतो म्हणजे दुकानात जायचं मन नाय तुमचं."

"तुमचं आहे का?"

"मला पण लांबच दिसतो ओ. मी त्यातून दोनशे वजा करतो."

आमचं दुकान शिकारीच्या आणि वाळवंटातल्या सामानाचं. तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामड्याच्या टोप्या, आणि मागच्या बंद दालनात, परवानाधारकांसाठी, रायफली आणि काडतुसं. या देशात हरणांची शिकार करता येत नाही. आमची गिऱ्हाइकं विमानानं परदेशी जातात आणि तिकडच्या डोंगरात शिकार करून येतात. मी दुकानाचे हिशेब आणि साठ्याच्या वह्या सांभाळतो. चाचा सव्वीस वर्षं मागच्या दालनात काडतुसांच्या काचेमागे उभे होते. त्या सव्वीस वर्षांत ते कुठल्याही शिकारीला गेले नाहीत. त्यांचं काम एवढंच, की जाणाऱ्याला काडतूस निवडून द्यायचं.

हे काम ते ज्या रीतीनं करत, त्यामुळं आमचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, महिन्यातून एकदा तरी कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाईक येऊन म्हणे, "हाज्जी, हिरन के लिए जा रहा हूँ. सबसे बड़ा दे." दुसऱ्या कोणत्याही दुकानदारानं सगळ्यात मोठं दिलं असतं. चाचा आधी तीन प्रश्न विचारत. जनावर किती किलोचं? मारणार किती लांबून? गेल्या वर्षभरात रायफल किती वेळा चालवली? उत्तरं एका कागदावर लिहून घेत. मग काउंटरच्या बाहेर येऊन, "माफ़ करना," म्हणून, गिऱ्हाइकाच्या उजव्या खांद्याखाली अंगठ्यानं दाबून बघत.

"पहिले तीन आकडे गिऱ्हाईक फुगवून सांगतं," मला एकदा म्हणाले. "खांदा फुगवून सांगता येत नाय. रायफल चालवणाऱ्याचा खांदा दाबला की तो हसतो. न चालवणारा दचकतो."

ते कागद ते माझ्याकडं देत आणि मी फाइल करत असे. कुणी मागितले नव्हते, पण कागद आहे म्हटल्यावर त्याला फाइल हवी. एका रमजानात काम कमी होतं तेव्हा मी ते सगळे वाचले. गिऱ्हाईक सांगतं त्या अंतराला दोननं भागलं की बहुतेक वेळा परत आल्यावर त्याच कागदावर लिहून घेतलेलं खरं अंतर येतं, असं मला आढळलं. चाचांना दाखवलं तर खूश झाले. "बघा, तुम्ही पण शिकारी झालात."

मग ते काचेवर दोन काडतुसं शेजारीशेजारी उभी करत. एक थर्टी ऑट सिक्स, दुसरं थ्री सेव्हंटी फाइव्ह. दुसरं जाड आणि उंच, पण उंचीत फरक सहा-सात मिलिमीटरचाच. एकाच्या टोकाची गोळी पावणेबारा ग्रॅमची, दुसऱ्याची साडेएकोणीस ग्रॅमची. दुसऱ्याचा खांद्याला बसणारा धक्का मात्र जवळजवळ दुप्पट. ते मोठं काडतूस रानरेड्यासारख्या जनावरासाठी केलेलं. हरिण कितीही मोठं असलं, अगदी दोनशे किलोचं असलं, तरी लहान काडतुसाची गोळी योग्य जागी लागली तर ते जागेवर पडतं. योग्य जागी लागली नाही तर मोठ्यानंही पडत नाही.

"लोक मोठं काडतूस हरणासाठी घेत नायत," चाचा म्हणायचे. "स्वतःसाठी घेतात. नेम चुकला तर गोळी सांभाळून घेईल म्हणून. गोळी कुणाला सांभाळून घेत नाय, पुणेकर."

त्यांच्या ह्या हट्टामागं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. एकदा पुढं अपघात झाला होता आणि आम्ही एकाच जागी पंचेचाळीस मिनिटं उभे होतो. एसी चालू ठेवला तर इंजिन तापत होतं आणि बंद केला तर आम्ही. त्या पंचेचाळीस मिनिटांत त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांकडं शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक होती, डुकरांसाठी. हे बावीस वर्षांचे. भातात सांबर आलं. बंदुकीत काडतूस होतं ते पाखरांचं, बारीक छर्ऱ्यांचं. घरात जाऊन दुसरं आणायला वेळ होता, पण आणलं नाही.

"आत होतं ते मारलं. चाळीस पावलांवरून. गेलं पळून. मी म्हटलं लागलंच नाय. चौथ्या दिवशी गुरं पाण्याला घेऊन पऱ्यावर गेलो तर तिथं पडलेलं."

"मेलेलं?"

"नाय."

पुढं रस्ता मोकळा झाला आणि मी गाडी काढली. टोलची कमान आली तेव्हा म्हणाले, "म्हणून इथं आल्यावर पहिली काही वर्षं मी सगळ्यांना मोठ्यातलं मोठं काडतूस विकलं. म्हटलं लहान गोळीचं पाप नको. मग एक गिऱ्हाईक परत आला. भुवईवर चंद्रकोरीसारखी जखम, रायफलीवरची दुर्बीण आपटलेली. हसत हसत सांगतो, हाज्जी, काय धक्का आहे, मी डोळे मिटून मारलं, पायाला लागलं बहुतेक. तेव्हा कळलं. मी लहान गोळीनं केलं, त्यानं मोठीनं केलं. सांबराला काय फरक?"

त्यानंतर त्यांनी मुकं काडतूस करून घेतलं.

दुकानात पेशावरचा एक मिस्त्री आहे, रायफलींची दुरुस्ती करतो. त्याच्याकडून त्यांनी प्रत्येक मापाची तीन-तीन काडतुसं बनवून घेतली. वरून अगदी खऱ्यासारखी, आत दारू नाही. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका, खऱ्यात मिसळू नयेत म्हणून. मोठं काडतूस मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चाचा शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर न्यायचे. त्याच्याकडं पाठ करून पाच काडतुसं भरायचे. त्यातलं एक मुकं. कितवं, ते गिऱ्हाइकाला माहीत नसे, आणि मुकं असतं हेही माहीत नसे.

खरं काडतूस उडतं तेव्हा रायफल उसळते, आवाज होतो, आणि त्या गडबडीत माणूस दचकला की नाही ते दिसत नाही. मुक्यावर घोडा ओढला की नुसती टिक वाजते. उसळायला काही नसतं. जे काही हलतं ते माणसाचं स्वतःचं असतं. धक्क्याच्या भीतीनं आधीच नळी खाली जाते आणि पापणी मिटते. चाचा लक्ष्याकडं बघायचेच नाहीत. गिऱ्हाइकाच्या बाजूला उकिडवे बसून त्याच्या पापणीकडं बघायचे.

"भोक काय पळून जाणाराय? ते नंतर पण बघता येतं."

आणि मग रेंजवर एक शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाइकाला चहाच्या मशीनपाशी न्यायचं, त्याच्या हातात करक, म्हणजे वेलचीचा दाट चहा द्यायचा आणि हळूच सांगायचं, शेख, चार बोटं खाली आलास, लहान काडतूस घे, सवय कर, मग जा. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. "भीती माणसाची खाजगी गोष्ट आहे. बायकोला पण दाखवत नाय कुणी." मोठे मोठे लोक चहा पिता पिता ऐकून घ्यायचे, लहान काडतूस घेऊन जायचे आणि परत आल्यावर चाचांना मिठी मारायचे.

रेंजवर मलाही जावं लागे. काडतुसांचा हिशेब नियमानं द्यावा लागतो: किती नेली, किती उडवली, किती परत आली, उडालेल्यांच्या रिकाम्या पितळी नळ्या किती. चार रकाने. पाचवा रकाना मी माझ्या मनानं आखला होता, "मुकं" असा, आणि त्यात ते कितवं भरलं तेही लिहायचो. पहिल्यांदा चाचांनी वाकून बघितलं.

"हे कुणी मागितलं का?"

"नाही."

"मग?"

"पाच गेली तर पाच दिसायला हवीत."

"बरं. लिहा," म्हणाले, आणि हसले. तेव्हापासून काडतुसं भरताना ते मला हळूच आकडा सांगत. "तिसरं." मी लिहीत असे.

आमच्या घरी ते दिवाळीला येत. बायको त्यांच्यासाठी चकल्या वेगळ्या काढून ठेवी, कमी तिखट. ईदला त्यांच्याकडून सांदणं येत, खोलीतल्या एका शेगडीवर उकडलेली. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिनं त्यांना थेट विचारलं, "अंकल, डू यू किल डिअर्स?"

"नो बेटा," चाचा म्हणाले. "आय गिव्ह ओन्ली नंबर."

तिला काही कळलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, "ही इज सो वीअर्ड, बाबा." मी म्हटलं, आहेत. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीत शिकत होती आणि तिची दोन वर्षं राहिली होती. त्या दोन वर्षांसाठी त्यांना इथं टिकायचं होतं. वय त्रेसष्ट. साठीनंतर व्हिसाचं नूतनीकरण मालकाच्या मर्जीवर असतं. त्या वर्षी त्यांचे कागद मार्चच्या सुरुवातीपासून अरबाबच्या टेबलावर होते आणि मुदत महिनाअखेरीची. मी दर दोन दिवसांनी काहीतरी कारण काढून आत जाऊन बघत असे. सही झालेली नव्हती.

त्याच महिन्यात अल ऐनहून अरबाबचा मेहुणा आला. तिशी-पस्तिशीचा, उंच, हसतमुख, मनानं वाईट नव्हे. एप्रिलमध्ये न्यूझीलंडला मोठ्या शिंगांच्या हरणासाठी चालला होता. त्याला थ्री सेव्हंटी फाइव्ह हवं होतं.

"ये नंबर छोटा है, हाज्जी," थर्टी ऑट सिक्सकडं बोट दाखवून म्हणाला. "मेरे दोस्त हँसेंगे."

"दोस्तों को मारना है या हिरन को?" चाचा म्हणाले. तो मोठ्यानं हसला. चाचांनी अंगठ्यानं खांदा दाबला. तो दचकला.

चाचांनी त्याला सांगितलं होतं, रेंजवर एकटा ये. तो दोन गाड्या आणि चार मित्र घेऊन आला. अरबाबही आला. मी वही घेऊन बाकावर बसलो होतो. चाचा काडतुसं भरायला माझ्या बाजूला आले तेव्हा मी म्हटलं, "चाचा, आज मुकं नको. कागद टेबलावर आहेत."

"आज तर हवंच. तो खरंच जाणाराय."

"लोक आहेत."

"मी बघतो. तुम्ही लिहा. तिसरं."

मी लिहिलं.

पहिल्या दोन गोळ्या गेल्या. रायफल उसळली, मित्रांनी आरोळ्या दिल्या. तिसऱ्याला टिक वाजली आणि नळी चार बोटं खाली गेली. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. ते उघडेपर्यंत मागं हशा सुरू झाला होता. एकाच्या हातात मोबाइल होता, तो चित्रीकरण करत होता.

त्याचे कान लाल झाले. "खराब है!" तो म्हणाला.

"हां शेख, खराब निकला," चाचा ताबडतोब म्हणाले. "सॉरी. हमारी ग़लती." त्यांनी काडतूस काढलं, लाल ठिपका मुठीत धरला आणि ते खिशात टाकलं. "खराब निकले तो कोई भी हिल जाता है."

मित्रांचं हसू ओसरलं. एकानं तर मान डोलावली. सगळं निभावलं होतं. चाचांनी चहाच्या मशीनकडं एकदा बघितलं.

पण अरबाब व्यापारी माणूस. खराब काडतूस म्हणजे खराब माल. तो माझ्याकडं वळला. "लॉट नंबर लिख. पूरा लॉट वापस. आज ही सप्लायर को ईमेल कर, तेरे नाम से."

त्या लॉटमधली सहाशे वीस काडतुसं दुकानात होती, आणि सगळी चांगली होती. चांगल्या मालाला खराब म्हणून माझ्या सहीनं पत्र जाणार होतं. मी दोन दिवस थांबू शकलो असतो. "हो सर" म्हणून संध्याकाळी चाचांशी बोलू शकलो असतो. त्या वेळी मला यातलं काही सुचलं नाही. मला फक्त आकडा चुकीचा होताना दिसला.

"सर, लॉट ठीक है," मी म्हणालो. "वो डमी था. बुक में लिखा है." आणि मी वही फिरवून पाचवा रकाना दाखवला.

आता कुणी हसलं नाही. मेहुण्यानं वही हातात घेतली. स्वतःचं नाव वाचलं, पुढचा आकडा वाचला. मग चाचांकडं बघितलं.

"हाज्जी, तू ने मेरा इम्तिहान लिया? इन सबके सामने?"

त्यानं उरलेल्या दोन गोळ्या उभ्यानं झाडल्या, लक्ष्याकडं न बघता. दुकानात परत येऊन थ्री सेव्हंटी फाइव्हचा वीस काडतुसांचा डबा उचलला आणि गेला.

परतीच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या खोळंबल्या होत्या. निळा बोर्ड आला, गेला. चाचांनी अंतर विचारलं नाही.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं.

"तुम्ही खोटं काय लिहिलं होतं?" ते म्हणाले. पुढं म्हणाले, "पण लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचं नसतं, पुणेकर."

"तुमचे कागद..."

"कागदांचं जाऊ द्या. मशीनपाशी त्याला सांगणार होतो. ऐकलं असतं त्यानं, ऐकणारा होता तो. आता चौघांसमोर त्याला मोठंच घ्यावं लागलं." मग खिडकीबाहेर बघत राहिले. शारजा येईपर्यंत पुढचं वाक्य आलं नाही, पण ते हरणाबद्दल होतं हे मला कळत होतं. नोकरी त्यांची जाणार होती आणि ते न्यूझीलंडचा विचार करत होते.

अरबाब वाईट माणूस नाही. त्यानं चाचांना खुर्चीवर बसवून, कॉफी देऊन सांगितलं, "खलास, हाज्जी. बहुत काम किया. अब घर जाके आराम करो." व्हिसा झाला नाही. मुलीच्या शिक्षणाचं काय, ते मी विचारलं. "होईल इन्शाल्ला," म्हणाले. त्यांच्या बायकोचा भाऊ गावात आंब्याच्या पेट्या भरायचं काम बघतो. त्याच्या वखारीत पेट्या मोजायला बसणार होते. "तुमचंच काम आता मला," म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक छोटा पत्र्याचा डबा दिला. आत तीन मुकी काडतुसं, थर्टी ऑट सिक्सची.

"विमानात नेता यायची नायत. दुकानातच ठेवा, तुमच्या कपाटात."

नंतरचे दोन महिने मी एकटाच गाडी चालवली. बोर्ड दिसला की अंदाज करायचो आणि मीटर शून्यावर आणायला विसरायचो.

मेच्या अखेरीला, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानात कुणी नसताना अल ऐनचा मेहुणा आला. एकटा. त्यानं काडतुसांचा डबा काचेवर ठेवला. मी सवयीनं मोजली. सतरा.

"हाज्जी किधर है?"

"इंडिया गया. नौकरी खलास."

तो उभाच राहिला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं अरबाबकडं तक्रार केली नव्हती, आणि चाचांसाठी शब्दही टाकला नव्हता. जे झालं ते त्याच्या न बोलण्यानं आणि माझ्या बोलण्यानं झालं होतं.

"फोन लगा," तो म्हणाला.

मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. चाचांचा आवाज आला, मागं खिळे ठोकल्याचा आवाज. मी सांगितलं कोण आलंय. ठोकणं थांबलं नाही, पण चाचा थांबले. सलाम नाही, खुशाली नाही. एकच प्रश्न.

"मिला क्या?"

"नहीं, हाज्जी," मेहुणा म्हणाला. "दो दिन ढूँढा. फिर बारिश हो गई. ख़ून धुल गया."

"किधर लगा था?"

"पीछे. पेट में." मग तो काचेकडं बघत म्हणाला, "मैंने आँख बंद की थी."

"मालूम है," चाचा म्हणाले. त्या दोन शब्दांत राग नव्हता. पंचेचाळीस मिनिटं गाडीत बसून जो आवाज मी ऐकला होता, तो होता. "फिर जाएगा?"

"नहीं मालूम."

"जाना हो तो पहले पुणेकर के साथ रेंज पर जा. अकेला जा." आणि मग मला मराठीत, "थर्टी ऑट सिक्स द्या त्याला. मुकं आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"मिस्त्रीला भरू द्या. कितवं, ते तुम्ही ठरवा. आणि पापणी बघा. भोक बघू नका."

पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मी मिस्त्रीच्या कानात सांगितलं, चौथं. मेहुण्याच्या बाजूला उकिडवा बसलो. माझे गुडघे आता त्या कामाचे राहिलेले नाहीत. पहिल्या तीन गोळ्या गेल्या. चौथ्याला टिक वाजली. पापणी मिटली, पण अर्धीच. नळी दोन बोटं खाली आली.

रेंजचा पहारेकरी टिक ऐकून जवळ आला. "क्या हुआ? डमी है?"

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मेहुण्यानं बघितलं नाही. तो पुढं, मातीच्या बंधाऱ्याकडं, बघत राहिला.

"खराब निकला," मी म्हणालो. काडतूस काढलं, बूड मुठीत धरलं आणि खिशात टाकलं.

पाचवी गोळी झाडून झाल्यावर त्याला चहाच्या मशीनपाशी नेलं. करक चहा दिला. हळूच म्हटलं, "पहले चार था. आज दो उँगली. अगले हफ़्ते फिर आ." त्यानं मान हलवली आणि कप संपवला. नंतर विचारलं, "हाज्जी को वापस ला सकते हैं?" मी म्हटलं, त्या वयाला आता नवा व्हिसा मिळणं कठीण आहे. ते खरं होतं.

दुकानात येऊन वही भरली. नेली चार, उडवली चार, परत शून्य, रिकाम्या नळ्या चार. नियमाला एवढंच लागतं आणि ते जुळतं. पाचव्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. सोळा वर्षांत त्या वहीत एवढी एकच जागा कोरी आहे. महिनाअखेरीला वही तपासताना माझी नजर तिथं अडखळते, हात पेनाकडं जातो, आणि मी पान उलटतो.